‘आमाला काय म्हाईत नाय’

दसरा झाला, भातं कापून होत आली, दिवाळी तोंडावर आहे. मुकादमांच्या फेऱ्या वाड्यांवर सुरू झाल्यात. कोणी बयाणा घेतला, कोणी घ्यायच्या बेतात आहे. दर साली या दिवसांत आम्ही या पानावर विटांच्या दराविषयी आणि खर्चीविषयी लिहितो. या खेपेला दुसऱ्या एका गोष्टीविषयी लिहितो आहोत. ज्याला वाचता येतं त्याने हे बैठकीत मोठ्याने वाचावं. बायांनाही बोलवावं, कारण यातलं बरंचसं त्यांच्याविषयी आहे.

पावसाळ्यात संघटनेचे कार्यकर्ते नेऱ्याच्या, मालडुंग्याच्या, आपट्याच्या आणि कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांवर फिरले. दिवसा विचारलं तर सगळे म्हणत, “बरं हाय.” रात्री चुलीपाशी बसल्यावर मात्र एकेक गोष्ट बाहेर येत गेली. भट्टीवरून निघतो म्हटल्यावर दांडक्याने मारलं. पोराला ताप आला, शेठने सोडलं नाही, पोर गेलं, भट्टीच्या मागेच पुरलं. बाईला एकटी गाठली. बाप गावाला निघाला तर मुलगा गहाण म्हणून ठेवून घेतला. गार्डाने कोयता नेला, कोंबडीही नेली. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि चार महिन्यांनी त्या जमिनीला तार पडली. सांगून झाल्यावर जवळजवळ प्रत्येक माणूस शेवटी म्हणाला, “पण तुमी कुठं बोलू नका.”

यातल्या एकाही गोष्टीची चौकीत नोंद नाही. कागदावर बघितलं तर आपल्या वाड्यांवर काही घडतच नाही.

बाहेरची माणसं याचा अर्थ आपल्या स्वभावात शोधतात. कातकरी मुका, ठाकूर भोळा, यांना मार खायची सवयच आहे, असं पनवेलच्या बाजारात सहज बोललं जातं. आम्हाला हे मान्य नाही. माणूस पोटातून मुका जन्माला येत नाही, त्याला मुकं केलं जातं. आपल्याला कसं केलं ते बघा.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कुठल्या जातीत जन्मला यावरून माणूस चोर ठरू लागला. जंगलं सरकारजमा झाली, काताचा धंदा बुडाला, आणि पोटासाठी वणवण फिरणाऱ्या कातकऱ्यांवर चोरट्यांची जमात असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण आजही गावात कोणाचं भांडं हरवलं, कोंबडं गेलं, पंपाची मोटार चोरीला गेली, की जीप आधी कुठे येते? वाडीवर. दोन पोरं उचलायची, रात्रभर बसवायची, सकाळी बापाने कुठून तरी पैसे आणले की सोडायची. आपल्या आज्यांनी, बापांनी पोलीस बघितला तो असा. माणूस न्यायला येणारा. आपलं काही गेलं म्हणून आलेला पोलीस बघितलेलं म्हातारं माणूस आम्हाला अजून भेटायचं आहे.

म्हणून जीप दिसली की वाडी एका तोंडाने बोलते, “आमाला काय म्हाईत नाय, साहेब.” या वाक्याला आम्ही हसत नाही. ती ढाल होती आणि फार दिवस कामाला आली. एकाने एकाचं नाव घेतलं की दुसऱ्या रात्री दुसऱ्याकडून त्याचं नाव घेतलं जायचं. कोणीच कोणाचं नाव घेतलं नाही म्हणून वाड्या टिकल्या.

पण आज या ढालीआड कोण उभं आहे ते बघायला हवं. भट्टीवर मारणारा उभा आहे. तार घालणारा उभा आहे. बाईला एकटी गाठणारा उभा आहे. चौकीतून कोणी चौकशीला आलंच तर शेठ हसून म्हणतो, “विचारा ना त्यांनाच.” आपण काय सांगणार ते त्याला आधीच ठाऊक असतं.

आता मिटवण्याविषयी. हा शब्द आपल्याकडे इतका चालतो की त्यात काही वाईट आहे असं वाटेनासं झालं आहे. एका वाडीवरची गोष्ट सांगतो, वाडीचं आणि माणसांचं नाव त्यांच्या सांगण्यावरून लिहीत नाही. भट्टीवर एका तरुणाचा हात मोडला. पडून नाही, मारून. तिसऱ्या दिवशी तो वाडीवर आला. चौथ्या दिवशी अंधार पडल्यावर टेम्पो आला. त्यात भट्टीवाल्याचा माणूस, गावचा एक पुढारी आणि आणखी दोघे. मुलाच्या बापाला बाजूला घेतलं. पोरगं तुझंच आहे, दवाखान्याचं आम्ही बघतो, पोलिसात गेलास तर आम्हीपण बयाणा घेऊन पळाला म्हणून लिहून देऊ, मग दोघेही आत. दोन हजार रुपये दिले, एका कागदावर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून अंगठा घेतला, सोबत आणलेली दारू सगळ्यांनी मिळून प्यायली आणि प्रकरण मिटलं. पुढच्या हंगामाचा हिशोब झाला तेव्हा ते दोन हजार बयाण्यात धरलेले निघाले. हात मोडल्याची भरपाई त्या पोराने मोडक्या हाताने विटा थापून फेडली.

याला मिटवणं म्हणायचं का? मिटलं कोणाचं?

गावात पोलीस पाटील असतो. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने गावात गुन्हा घडला तर त्याची खबर ठाण्याला देणं हे त्याचं कामच आहे, सरकार त्यासाठी त्याला मानधन देतं. आपल्या भागात काही पोलीस पाटील चांगले आहेत, हेही लिहायला हवं. पण ज्याचा चुलता भट्टीवाला आणि मेव्हणा जमिनीचा दलाल, तो खबर ठाण्याला देण्याआधी शेठला देतो. दोष त्याला एकट्याला देऊन भागत नाही. आपणही आधी त्याच्याकडेच जातो आणि ‘काय करू?’ असं विचारतो. ‘लिहून पाठव’ असं म्हणत नाही.

काही साथी विचारतील, आपली संघटना जमिनीची, मग पोलिसांची गोष्ट कशाला? उत्तर आपल्या पायाखाली आहे. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. पन्नास-साठ वर्षं राहतो, पण गावठाणात नोंद नाही, झोपडीखालची जागा खोताच्या नाहीतर कुळाच्या नावावर. ज्याच्या जागेवर झोपतो त्याच्याच भट्टीवर राबतो, आणि तक्रार करायची ती त्याच्याचविरुद्ध. सकाळी चौकीत गेलेला माणूस संध्याकाळी झोपडी मोडलेली बघायला परत येईल, ही भीती खोटी नाही. दळीवाल्या ठाकुरांचं दुखणं थोडं वेगळं, पण जात तीच. प्लॉट जंगलखात्याच्या मर्जीवर, मग गार्डाविरुद्ध तोंड कसं उघडायचं? जमीन नावावर नाही म्हणून माणूस बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून जमीन नावावर होत नाही.

इकडे जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. १९७० पासून सिडको आली, खाडीकाठची गावं गेली, मग कोकण रेल्वेचा गाजावाजा झाला, आणि डोंगराच्या पायथ्याला मुंबईवाल्यांची फार्म हाऊसं. ज्या वरकस माळाकडे कोणी बघत नव्हतं तिथे आता सिमेंटचे खांब उभे राहतात. तार कधी विहिरीची वाट तोडते, कधी मसणवटीची. आपण चौकीत गेलोच तर ठाणे अंमलदार सांगतो, ही दिवाणी बाब आहे, वकील करा, कोर्टात जा. आपण परत येतो.

हे त्याचं सांगणं खरं नाही, आणि हे प्रत्येक वाडीला पाठ असायला हवं. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही, हे जमीन महसूल कायद्याच्या ३६ अ कलमात आहेच. त्यापुढचं म्हणजे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू आहे. त्या कायद्याने बिगर आदिवासीने आदिवासीची जमीन बळकावणं, त्याला जमिनीवरून किंवा राहत्या जागेतून हुसकणं, जमिनीच्या, जागेच्या किंवा पाण्याच्या हक्कात आडवं येणं हा गुन्हा आहे. वेठीला धरणं हाही गुन्हाच. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विहिरीची वाट तोडणारी तार आता फक्त दिवाणी राहिलेली नाही, ती फौजदारीत येते. आणि ज्या सरकारी नोकराने या कायद्याखालचं आपलं काम मुद्दाम केलं नाही, तो स्वतः आदिवासी किंवा दलित नसेल तर त्यालाही सहा महिने ते एक वर्ष शिक्षा सांगितली आहे. हे कलम ४. ठाण्यात जाताना एवढा आकडा तरी लक्षात ठेवा.

बायांच्या बाबतीत गप्प राहणं सगळ्यात महाग पडतं. ते का, हे सांगायला आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल. चंद्रपूरकडे देसाईगंज नावाचं गाव आहे. तिथे २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मजूर मुलीला पोलीस ठाण्यात आणलं होतं. तिच्या भावानेच घरच्या भानगडीची तक्रार दिली होती म्हणून. वय चौदा ते सोळाच्या मधलं. बाकीच्यांना बाहेर काढून तिला आत थांबवलं, आणि ठाण्यातच पोलिसाने तिच्यावर बलात्कार केला, असं तिने बाहेर येऊन सांगितलं. पुढे तिचं नाव देशभर झालं. आम्ही ते इथे लिहीत नाही.

त्या रात्री पोलीस तक्रार घ्यायला तयार नव्हते. पण बाहेर लोक जमले होते. लोक खवळले, ठाणं जाळायची भाषा करू लागले, तेव्हा हवालदाराने त्यांना शांत केलं आणि मुलीचं म्हणणं लिहून घेतलं. ती एकटी असती तर हा खटला उभाच राहिला नसता.

खटल्याचं पुढे काय झालं तेही ऐका. १९७४ साली सेशन कोर्टाने पोलिसांना सोडलं. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नाही, असं म्हटलं. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. का? अंगावर जखमा नाहीत आणि ती ओरडली नाही. ठाण्याच्या आत, रात्री, पोलिसासमोर एक पोर ओरडली नाही, याचा अर्थ देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने तिची हरकत नव्हती असा लावला.

आपल्या गप्प राहण्याचा अर्थ आपण लावत नाही. तो दुसरे लावतात, आणि त्यांच्या सोयीने लावतात.

१९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघा प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर ही ती नावं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आता पोलिसाच्या ताब्यात असं काही घडलं आणि बाईने आपली संमती नव्हती असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने तिचं म्हणणं धरून चालायचं आणि उलटं सिद्ध करायचं ते त्या पोलिसाने. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. ती बोलली म्हणून मिळालं ते पुढच्या बायांना. हे गोड बोलून सांगण्यासारखं नाही. तक्रार केली की न्याय मिळतोच, असं आम्ही कोणाला सांगणार नाही.

आता आपल्या घरातलं. हा भाग काही साथींना रुचणार नाही, पण दुसऱ्याच्या चौकीविषयी लिहायचं आणि आपल्या ओट्याविषयी नाही, हे बरोबर नाही. शेठ आपल्याला ‘मिटवून टाका’ म्हणतो तेव्हा राग येतो. तेच शब्द आपण आपल्या बायांना सांगतो. दारू पिऊन बायकोचं डोकं फोडलं, पंच बसले, नवऱ्याला दंड केला. दंडाचे पैसे कोणी प्यायले? पंच प्यायले, नवराही प्यायला. बाई डोक्याला फडकं बांधून पाणी भरायला गेली. पोरीला वाडीतल्याच कोणी धरलं तर बोभाटा नको म्हणून घाईने लग्न लावलं, कधी त्याच्याशीच. वाडीची इज्जत राहिली म्हणायचं.

भांडण, कोंबडं, बांध, सोडचिठ्ठी, देणंघेणं हे वाडीने बसून सोडवावं. त्यात पोलीस घालू नयेत, घातले तर दोघांचाही खिसा रिकामा होतो. पण मोडलेलं हाड, बलात्कार आणि मरण या गोष्टी पंचांच्या ओट्यावर मिटवायच्या नाहीत, मग करणारा शेठ असो की सख्खा चुलता. हे आमचं मत आम्ही स्पष्ट लिहितो.

“मग आपलीच माणसं पोलिसांच्या ताब्यात द्यायची का?” असं एका बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं. प्रश्न खरा आहे. ताब्यात गेलेल्या माणसाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पण पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. त्याने गुन्हा केला असेल तरी वाडीने त्याच्या मागे ठाण्यात जायचं, किती वाजता आणलं ते लिहायचं, दुसऱ्या दिवशी कोर्टात हजर राहायचं. गुन्ह्याला शिक्षा व्हावी, मार बसू नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात.

आणि आपण कधी बोललोच नाही, असंही नाही. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगलाच्या हक्कासाठी लोक अक्कादेवीच्या माळाला गेले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. गेल्या महिन्यात त्याच्या नावाने हार पडले. हार घालणाऱ्यांतल्या किती जणांना नाग्याच्या भाऊबंदांच्या झोपडीखालची जागा कोणाच्या नावावर आहे ते विचारावंसं वाटलं, कोण जाणे.

तर चौकीत कसं जायचं. एकट्याने नाही. ज्याचं गेलं त्याने पुढे आणि वाडीतल्या दहा-पंधरा जणांनी मागे, त्यात बाया हव्यात. लिहिता येत नसेल तर अडत नाही, तोंडी सांगितलेलं अंमलदाराने लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, मग आपण अंगठा द्यायचा. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. लिहिलेल्याची नक्कल तिथल्या तिथे, फुकट मिळते. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात हे कलम १५४ होतं. पुष्कळदा ते एनसी लिहून कागद हातात देतात आणि आपण खूश होऊन परततो. एनसी म्हणजे अदखलपात्र. तिच्यावर मॅजिस्ट्रेटने सांगितल्याशिवाय तपास होत नाही. हाड मोडलं असेल, कोयता चालला असेल, जमिनीवरून हुसकलं असेल, तर एनसी घेऊ नका. मार लागला असेल तर दवाखान्यासाठी पोलिसांकडून यादी मागा आणि त्याच दिवशी जा. सूज उतरली की पुरावाही उतरतो.

घेतच नसतील तर तीच तक्रार पोस्टाने वरच्या साहेबाला पाठवायची, पोस्टाची पावती जपून ठेवायची. पेण-खालापूरकडे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, पनवेल-उरणकडे आता नवी मुंबईचे पोलीस आयुक्त. अत्याचाराच्या कायद्याखालचा तपास डीवायएसपीच्या खालच्या अंमलदाराने करायचा नाही, असं १९९५ च्या नियमांत आहे. साक्षीला जाणाऱ्याचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरीही त्यातच धरली आहे, ती मागून घ्यायची. आणि बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, साक्षीदार म्हणून तिचा जबाब तिच्या घरी येऊन घ्यावा लागतो. जीप आली आणि ‘चल ठाण्यात’ म्हणाली, तर वाडीने म्हणायचं, इथेच लिहा.

राहिली ती ‘बयाणा घेऊन पळाला’ ही धमकी. १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने वेठीचं कर्ज संपवून टाकलं आहे, ते वसूल करायला कोर्टात जाता येत नाही. आणि हे कर्ज वेठीचं नाही, हे सिद्ध करायचं ओझं शेठवर आहे, आपल्यावर नाही. वेठीला धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही तक्रार तहसीलदाराकडे, प्रांताकडेही नेता येते. टेम्पोतून आलेला माणूस पुढच्या वेळी ही धमकी देईल तेव्हा त्याला म्हणा, दे लिहून, आम्हीपण तिथेच चाललोय.

भट्टीवर जाण्याआधी प्रत्येक वाडीने एक वही करायची आहे. कोण गेलं, सोबत बाया-पोरं किती, शेठचं नाव, भट्टीचं गाव, मुकादम कोण, बयाणा किती, कोणासमोर दिला. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाने ती सांभाळायची. महिन्यातून एकदा कोणीतरी भट्टीवर जाऊन माणसं बघून यायचं आणि काय बघितलं ते तारखेसह वहीत लिहायचं. कोऱ्या वह्या पनवेलच्या कार्यालयात आणून ठेवल्या आहेत. बाजाराला याल तेव्हा घेऊन जा, पैसे पडत नाहीत. ज्या वाड्या अजून रिकाम्या झालेल्या नाहीत त्यांनी दिवाळीच्या आत घ्याव्यात, कारण दिवाळीनंतर लिहायला वाडीवर कोणी राहत नाही.